तीन रिपोर्ट, तीन नावं : मुलाचा ऑटिझम नक्की कोणत्या प्रकारचा?

मुलुंडच्या एका आईचा प्रश्न, थोडक्यात : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा असताना पहिल्या डॉक्टरांनी 'पीडीडी-एनओएस' लिहिलं. पुढे एका सेंटरवर 'कार्स ३४, माइल्ड टू मॉडरेट ऑटिझम' असा रिपोर्ट मिळाला. यंदा सरकारी हॉस्पिटलात 'आयसा ११२, मॉडरेट' आलं आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटी) मॅडम म्हणतात 'लेव्हल २'. सासऱ्यांच्या मते हा ॲस्पर्जर आहे. एबीसीडी, नकाशे, सगळं पाठ, मोठेपणी शास्त्रज्ञच होणार. तर प्रकार नक्की कोणता? आणि दुखणं वाढत चाललंय का?

उत्तर :

ताई, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. या कागदांवरून काही वाढतंय असं अजिबात म्हणता येत नाही. तिघांनी तुमच्या मुलाला तीन वेगवेगळ्या फूटपट्ट्या लावल्या आहेत आणि तुम्ही इंच नि सेंटिमीटरचे आकडे एकाखाली एक मांडून बसला आहात.

कार्स ही परदेशातून आलेली मोजणी. पंधरा मुद्दे, प्रत्येकाला १ ते ४ गुण. बेरीज ३० किंवा त्यापुढे गेली की ऑटिझम म्हणायचं. त्यात ३० ते ३६.५ सौम्य ते मध्यम, ३७ पासून तीव्र. आयसा ही आपल्या देशात तयार झालेली मोजणी, सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरतात ती. तिच्यात ४० विधानं आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. म्हणजे एकही लक्षण नसलेल्या मुलाचेसुद्धा ४० गुण होतातच. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. तेव्हा ३४ चे ११२ झाले म्हणून तुम्ही घाबरलात, पण दोन्ही आकडे जवळपास एकच गोष्ट सांगतात. शिवाय आयसाचे गुण एखादी गोष्ट किती वेळा घडते यावर दिले जातात आणि त्यातलं पुष्कळसं आईवडिलांना विचारून भरलं जातं. सकाळी सातला घर सोडून, केसपेपरच्या रांगेत उभं राहून, भुकेल्या मुलाला कडेवर घेऊन दिलेली उत्तरं आणि घरी निवांत बसून दिलेली उत्तरं यांत पाच-दहा गुणांचा फरक सहज पडतो. त्या फरकाला फार अर्थ देऊ नका.

आता प्रकाराचं. 'पीडीडी-एनओएस' हे नाव आहे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९९४ च्या नियमावलीतलं, म्हणजे डीएसएम-४ मधलं. त्या नियमावलीत पाच खोल्या केल्या होत्या : ऑटिस्टिक डिसॉर्डर, ॲस्पर्जर, रेट, बालपणी आधी आलेली कौशल्यं पुसून टाकणारा डिसइंटिग्रेटिव्ह डिसॉर्डर, आणि या चारांत धड न बसणाऱ्यांसाठी पीडीडी-एनओएस. हा पाचवा म्हणजे 'इतर' नावाचा डबा. मूल लहान असेल, लक्षणं असतील पण निकष पुरे भरत नसतील, किंवा आईच्या तोंडावर 'ऑटिझम' म्हणायला डॉक्टरांची जीभ रेटत नसेल, की हे नाव लिहिलं जायचं. शेवटचं कारण कुठल्याही पुस्तकात नाही, पण या धंद्यातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे.

या खोल्या मोडल्या कशा, ते तुमच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगते. २०१२ साली कॅथरीन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांची बारा केंद्रं घेतली आणि दोन हजारांहून जास्त मुलांचे निष्कर्ष तपासले. सगळीकडे तपासणारे तज्ज्ञ, चाचण्या सारख्याच. तरी मुलाला ऑटिझम म्हटलं जाणार, ॲस्पर्जर की पीडीडी-एनओएस, हे सर्वांत जास्त कशावर ठरत होतं? मूल कोणत्या केंद्रात गेलं यावर! एका केंद्रातला ॲस्पर्जर दुसऱ्या केंद्रात पीडीडी-एनओएस ठरत होता. ऑटिझम आहे की नाही यावर तज्ज्ञांचं बऱ्यापैकी जुळतं, उपप्रकारावर मात्र जुळत नाही. म्हणून मे २०१३ मध्ये डीएसएम-५ आलं तेव्हा ही नावं काढून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसॉर्डर' असं एकच निदान ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीनेही तेच केलं. तुमच्या मुलाचं निदान या दोन वर्षांत बदललेलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी जुन्या भाषेत लिहिलं, एवढंच.

आजोबांचं म्हणणं जरा सविस्तर बघू, कारण घरात वाद त्याच्यावरूनच होत असणार. जुन्या नियमांप्रमाणे ॲस्पर्जर म्हणायचं तर मूल दोन वर्षांपर्यंत सुटे शब्द आणि तीनपर्यंत छोटी वाक्यं बोलत असलं पाहिजे. तुमचा मुलगा, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, तिसऱ्या वर्षी जेमतेम चार शब्द बोलत होता. म्हणजे नाव चलनात असतं तरी ते त्याला लागू झालं नसतं. हान्स ॲस्पर्जर या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९४४ मध्ये वर्णन केलेली मुलं भरभरून, काहीशी पुस्तकी भाषेत बोलणारी होती. लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी १९८१ मध्ये ते वर्णन पुढे आणलं आणि नाव रूढ झालं. नाझी काळात याच ॲस्पर्जरनी काही मुलांना जिथे अपंग मुलं मारली जात त्या संस्थेत पाठवल्याचे कागद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामुळे आता अनेकांना ते नाव उच्चारायलाही नको वाटतं. ज्या मोठ्या माणसांना पूर्वी हे निदान मिळालं आणि ज्यांनी ते आपलं मानलं, त्यांनी ते वापरावं, माझी हरकत नाही. आइनस्टाइनला मेल्यानंतर कुणी निदान चिकटवलं याला मात्र काही आधार नाही.

एबीसीडी आणि नकाशांचं काय? अक्षरं-आकड्यांची विलक्षण ओढ ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांत दिसते. आपल्याकडे ती हटकून इंग्रजीत दिसते, कारण यूट्यूबवरची बालगीतं इंग्रजीत. घरात सगळे मराठी बोलतात आणि मूल 'पर्पल', 'ट्रँगल', 'इलेव्हन' म्हणतं, पण 'आई, पाणी' म्हणत नाही. आजोबांना दिसते ती स्मरणशक्ती खरी आहे. ती त्याची ताकद आहे आणि शिकवताना वापरायचीच. मी मात्र वेगळं काहीतरी बघते. त्याला तहान लागली की तो काय करतो? तुमचा हात धरून फ्रिजपाशी नेतो आणि तुमचा हात दारावर ठेवतो? बोट दाखवून मग तुमच्या तोंडाकडे बघतो? की 'तुला पाणी पाहिजे का?' असं तुमचंच वाक्य तुमच्याच सुरात म्हणतो, आणि त्याचा अर्थ 'मला पाणी दे' असा असतो? या तीन तऱ्हांनी वागणाऱ्या तीन मुलांच्या रिपोर्टवर निदान एकच असेल, पण स्पीचच्या ताईंनी उद्यापासून काय सुरू करायचं ते तिघांसाठी वेगळं असेल.

अशा उसन्या वाक्यांना पुष्कळ पालक 'निरर्थक बडबड' म्हणतात. तसं नसतं. एक मुलगा खेळणी फेकायच्या आधी दर वेळी म्हणायचा, 'कृपया ध्यान दीजिये'. आईला वाटायचं, लोकल डोक्यात बसलीय. नीट पाहिल्यावर कळलं, दादरला गर्दीत तो घाबरला होता तेव्हा वर तीच घोषणा चालू होती. 'मला भीती वाटतेय, गोंगाट फार झालाय' हे त्याच्याकडचं वाक्य होतं ते. हे समजल्यावर फेकाफेकीवर ओरडण्याऐवजी टीव्हीचा आवाज कमी करणं घरच्यांना जमू लागलं.

लेव्हलबद्दल. डीएसएम-५ मध्ये तीन पायऱ्या आहेत : १ म्हणजे आधार लागतो, २ म्हणजे बराच आधार लागतो, ३ म्हणजे खूपच आधार लागतो. पालकांना सहसा सांगितलं जात नाही ते असं की ही लेव्हल दोन वेळा द्यायची असते. एक सामाजिक संवादासाठी. दुसरी त्याच त्या कृती, ठरलेपणाचा हट्ट, आणि आवाज-स्पर्श-चव यांचा त्रास यांच्यासाठी. संवादात २ आणि दुसऱ्यात १ असलेलं मूल असतं, उलटंही असतं. 'लेव्हल २' असं एकच लिहिलं तर निम्मी माहिती गळते. शिवाय ही पायरी आजच्या घडीची असते. शांत क्लिनिकमध्ये लेव्हल १ वाटणारं मूल गणपती विसर्जनाच्या दिवशी लालबागला उभं केलं तर कुठल्या लेव्हलचं दिसेल, तुम्हीच सांगा. वय, भाषा, थेरपी, शाळेचं वातावरण, झोप, सगळ्यांनी ती खालीवर होते. आणि या पायऱ्यांवरून कुणाला कोणती मदत द्यायची ते ठरवू नका, असं खुद्द त्या नियमावलीतच बजावलेलं आहे. शाळेने लेव्हल विचारून प्रवेश नाकारला तर ही ओळ त्यांच्यासमोर ठेवा.

मग प्रकार नाहीतच का? आहेत, पण ते नावांत नाहीत. आयसीडी-११ मध्ये ऑटिझमच्या पुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात : बौद्धिक विकासात अडचण आहे का, आणि रोजच्या वापराची भाषा किती आली आहे. माझ्या मते पुढच्या आयुष्याबद्दल काही बोलायचं तर या दोन गोष्टींइतकं दुसरं काही उपयोगी नाही. तुमच्या तिन्ही रिपोर्टांत भाषेबद्दल 'डिलेड' एवढा एकच शब्द आहे आणि बुद्धीबद्दल व्हीएसएमएसचा एक आकडा. व्हीएसएमएस जेवण, कपडे, शी-शू, स्वतःचं स्वतः करणं मोजते. ती बुद्ध्यांकाची चाचणी नव्हे. साडेचार वर्षांच्या, सूचना न ऐकणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक काढून त्यावर भविष्य सांगणंही चूक. म्हणूनच पाच वर्षांखालच्या मुलांत आम्ही 'सर्वांगीण विकासात उशीर' एवढंच लिहितो. लाकडी पाटीत दहा आकार बसवायची सेग्विनची चाचणी असते. अशी कितीतरी मुलं बघितली आहेत, की 'लाल ठोकळा दे' म्हटलं तर खिडकीबाहेर बघतील आणि ती पाटी पुढे ठेवली तर बघता बघता भरून टाकतील. पहिल्यावरून त्यांना मंद म्हणणं जितकं चूक, तितकंच दुसऱ्यावरून शास्त्रज्ञ म्हणणंही.

तिसरा धागा कारणाचा. बहुतेक मुलांत अनेक जनुकांचा छोटा छोटा वाटा असतो आणि एकच एक कारण हाती लागत नाही. काहींत मात्र लागतं : फ्रॅजाइल एक्स, ट्यूबरस स्क्लेरोसिस, आणि रेट. रेट आता ऑटिझमच्या यादीत नाही. एमईसीपी-२ या जनुकातल्या बिघाडामुळे तो होतो हे १९९९ मध्ये कळलं आणि तो बहुतेक मुलींतच दिसतो. चांगली वाढणारी मुलगी हाताचा वापर विसरू लागली, सतत हात चोळू लागली, डोक्याचा घेर वाढायचा मंदावला, तर 'ऑटिझम आहे' म्हणून थांबायचं नाही, जनुक तपासायचं. अंगावर फिकट पानासारखे पांढुरके डाग असतील, फिट्स येत असतील, घरात आणखी कुणाला बौद्धिक अडचण असेल किंवा पुढचं मूल हवं असेल, तर जनुकतज्ज्ञांना एकदा भेटाच.

मिळवलेलं गमावणं हाही मुद्दा आहे. ऑटिझमच्या साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांत दीड-दोन वर्षांच्या आसपास आलेले शब्द जातात, टाटा करणं थांबतं. लसीच्या वयाशी ते जुळतं म्हणून लशीवर आळ आला. हा आळ घेणारा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, विषय संपला. पण तीन वर्षांनंतर, छान वाक्यं बोलणारं मूल गप्प होत गेलं तर ते वेगळं प्रकरण. तिथे झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, लवकर काढायला हवा, कारण काही अपस्मारांत फिट न दिसताही भाषा जाते.

चौथं, सोबत काय आहे. २०१३ पूर्वीच्या नियमांत ऑटिझम आणि एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) एकाच मुलाला लिहिता येत नसे. जुन्या वळणाचे काही रिपोर्ट अजून तसेच येतात : 'एडीएचडी विथ ऑटिस्टिक फीचर्स'. आता दोन्ही लिहिता येतात आणि लिहावेत, कारण औषध एकाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही. झोप, बद्धकोष्ठता, फिट्स, मोठ्या मुलांत चिंता, या गोष्टी लेव्हलपेक्षा घराचं स्वास्थ्य जास्त ठरवतात. रात्री तीनला उठणारं 'माइल्ड' मूल सांभाळणाऱ्या आईला विचारा.

नावांची हौस संशोधकांचीही गेलेली नाही. जुलै २०२५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ आणि सायमन्स फाउंडेशनच्या गटाने पाच हजारांहून जास्त मुलांच्या माहितीवरून चार गट मांडले. एका गटात विकासाचे टप्पे वेळेवर, पण वागणूक, लक्ष, चिंता यांचा त्रास. तो सुमारे ३७ टक्के. दुसऱ्यात सगळंच मध्यम, ३४ टक्के. तिसऱ्यात चालणं-बोलणं उशिरा, पण चिंता-चिडचिड कमी, १९ टक्के. चौथ्यात सगळीकडेच मोठी अडचण, १० टक्के. आणि या गटांमागची जनुकीय चित्रंही वेगवेगळी निघाली. मला हे काम आवडलं, कारण त्यात एका लक्षणाऐवजी अख्खं मूल बघितलंय. पण ते संशोधन आहे. तुमच्या मुलाला उद्या कुणी 'गट तीन' म्हणून पॅकेज विकू लागलं तर नमस्कार करून बाहेर या.

'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचा प्रकार कुठल्याही नियमावलीत नाही. स्क्रीन कमी करा, जरूर करा. त्याने बोलणं-बघणं सुधारलं तर आनंदच आहे. पण मोबाइलमुळे झालंय, बंद केला की जाईल, या भरवशावर थेरपी सहा महिने पुढे ढकलू नका. तीच गत स्टेम सेलची. 'माइल्ड प्रकार आहे, पूर्ण बरा होईल' असं सांगून लाखो रुपये घेतले जातात. ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेल मान्य नाहीत. दागिने मोडू नका.

नावाचा पहिल्या रुग्णाशीही किती कमी संबंध उरतो ते सांगते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बॉल्टिमोरहून ११ मुलांचं वर्णन केलं, त्यातला पहिला होता डोनाल्ड ट्रिप्लेट. 'क्लासिक ऑटिझम' म्हणतात तो या मुलांवरून. त्याला काही काळ घरापासून दूर संस्थेत ठेवलं होतं. पुढे तो मिसिसिपीतल्या आपल्या गावात बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने जग फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. उरलेल्या दहांतल्या काहींची आयुष्यं संस्थेतच गेली. निदान सगळ्यांचं एकच. डोनाल्डच्या घरी पैसा होता आणि गावाने त्याला आपलं मानलं होतं, हेही विसरून चालणार नाही.

कागदपत्रांचं पटकन. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम स्वतंत्रपणे आहे. प्रमाणपत्रावर उपप्रकार लागत नाही, आयसा लागते, आणि ती तुमच्याकडे झालेलीच आहे. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज करा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं की सवलती लागू होतात. 'नाव कायमचं चिकटेल' म्हणून बरेच जण टाळतात आणि दहावीच्या वर्षी जादा वेळ, लेखनिक यांसाठी धावाधाव करतात. लहानपणचं प्रमाणपत्र मुदतीचं असतं, पुन्हा तपासणी होते, आकडा बदलू शकतो. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजनाही बघा. वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीही त्यात धरली जाते, मर्यादेत.

शाळेच्या फॉर्मवर 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसॉर्डर' एवढंच लिहा आणि खाली तुमच्या हाताने चार ओळी : दोन शब्दांची वाक्यं बोलतो, बेल वाजली की कान झाकतो, काय करायचं ते चित्रात दाखवलं तर लगेच करतो, शू लागली की सांगत नाही, पॅन्ट ओढतो. वर्गातल्या बाई या ओळीच वाचतील. 'मॉडरेट' या शब्दाचं त्या काही करू शकत नाहीत.

आणि एक काम या आठवड्यातच करा. तुम्ही पाठवलेल्या तिन्ही रिपोर्टांत कानाच्या तपासणीचा उल्लेखच नाही. हाक मारली तर बघत नाही, पण चिप्सचं पाकीट फोडलं की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं, असं सगळेच धरून चालतात. काही विशिष्ट स्वर ऐकू न येणारं मूलही अगदी असंच वागतं. वांद्रे रिक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, होते. लहान मुलाला झोपेत करावी लागते, म्हणून नंबर लावतानाच झोपेचं विचारून घ्या, आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा आणि ट्रेनमध्ये झोपू देऊ नका.